महामार्गावरील अपघात आणि भरपाईचा दावा : इंदूरच्या कुटुंबांनी कोणत्या क्रमाने काय करावे

इंदूरहून धुळे, नाशिक किंवा पुण्याकडे निघालेल्या मराठी कुटुंबांचा नेहमीचा रस्ता म्हणजे आग्रा-मुंबई महामार्ग : मानपूर, गणपती घाट, खलघाट, सेंधवा, बिजासन घाट आणि पुढे शिरपूर. या रस्त्यावर दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. असे दावे क्वचितच पूर्णपणे फेटाळले जातात. पण हक्काच्या रकमेपेक्षा पुष्कळ कमी रकमेवर ते सुटतात, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन महिन्यांतल्या कागदांत सापडते. चुकाही ठरावीक आहेत. फौजदारी खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबणे, ठाण्यात तडजोडीच्या कागदावर सही करणे, चुकीच्या वाहनाच्या विमा कंपनीमागे लागणे आणि उत्पन्नाचे पुरावे शेवटी गोळा करणे, या त्यांपैकी मुख्य. म्हणून या लेखात कामांच्या क्रमावर भर दिला आहे.

टप्पा १ : पहिले दोन दिवस, रुग्णालय आणि ठाणे

जखमीवर उपचार सुरू होणे हे पहिले काम. मदतीसाठी ११२, आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा क्रमांक आहे. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्रीय योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयात पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. दाखल करतानाच रुग्णालय या योजनेत आहे का, हे विचारावे. बिल भरून झाल्यावर हा प्रश्न विचारण्यात अर्थ उरत नाही.

दाखल करताना डॉक्टर किंवा नर्स विचारतात, ‘काय झालं?’ घाबरलेला नातेवाईक सांगतो, ‘गाडी घसरली,’ आणि तेच केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहिले जाते. दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील नेमके तेच पान पुढे करतो आणि विचारतो की ट्रकने धडक दिली असती, तर रुग्णालयात तसे का सांगितले नाही. म्हणून जे घडले तेवढेच, पण पूर्ण सांगावे : वाहन कोणते, ते कोणत्या बाजूने आले, क्रमांक माहीत असल्यास तो. नेमके ठाऊक नसेल, तर ‘माहीत नाही’ असे सांगावे. धामणोद किंवा सेंधव्याच्या सरकारी दवाखान्यात प्रथमोपचार करून रुग्णाला इंदूरला हलवले असेल, तर तिथली एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद, झाली आहे का हे पाहून तिची प्रत सोबत आणावी. पहिल्या दवाखान्याचा कागद नसेल, तर अपघात आणि इजा यांचा संबंध जोडणे विनाकारण अवघड होते.

ठाण्यात एफआयआर नोंदवताना वेळ, किलोमीटरचा दगड किंवा जवळचा ढाबा, दोन्ही वाहनांची दिशा आणि चालकाने नेमके काय चुकीचे केले, हे चारही मुद्दे यायला हवेत. ‘भरधाव वेगाने व निष्काळजीपणे’ हे ठरीव शब्द पोलीस स्वतःहून घालतातच. खरे वजन तपशिलाला असते. उदाहरणार्थ : ट्रक उतारावर उजव्या लेनमध्ये आला, इंडिकेटर न देता वळला, किंवा रात्री दिवे न लावता रस्त्यातच उभा होता. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली असली, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार माहिती नोंदवून घ्यावी लागते.

उपचारांच्या धावपळीत एफआयआरला उशीर झाला, तर तेवढ्यामुळे दावा बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या रवी विरुद्ध बद्रीनारायण या निकालात हे स्पष्ट केले आहे. मात्र उशिराचे कारण तक्रारीतच लिहिलेले असावे.

इशारा : ‘आम्हाला कारवाई नको, आपसात मिटले’ अशा कागदावर सही करू नये. ट्रकमालकाचा माणूस रुग्णालयात येऊन पंचवीस-तीस हजार हातावर ठेवतो आणि असा कागद घेऊन जातो. त्या सहीने दाव्याचा हक्क आपोआप संपत नाही, पण उलटतपासणीत ती फार महागात पडते.

टप्पा २ : पहिला महिना, पुन्हा न मिळणारे पुरावे

टोलनाक्यावरचे कॅमेऱ्याचे चित्रण कायमचे ठेवले जात नाही. त्यावर नवे चित्रण चढते. सोनवाय, खलघाट किंवा पुढच्या ज्या टोलवरून दोन्ही वाहने गेली, त्याचे चित्रण जपून ठेवण्याची विनंती तपास अधिकाऱ्याकडे पहिल्या आठवड्यातच लेखी करावी, आणि एक प्रत पोचसह आपल्याकडे ठेवावी. आपल्या गाडीच्या फास्टॅगच्या नोंदीवरून वेळ सिद्ध होते, म्हणून त्या खात्याचे विवरण उतरवून घ्यावे. डॅशकॅम असेल, तर मूळ मेमरी कार्ड काढून बाजूला ठेवावे. नुसती व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत पुरेशी नसते.

पोलिसांची यांत्रिक तपासणी होईपर्यंत अपघातग्रस्त गाडी दुरुस्तीला देऊ नये. तपासणीनंतरही, दुरुस्तीआधी, चारही बाजूंची आणि आतली छायाचित्रे काढावीत. धडक मागून बसली की बाजूने, हे पत्र्यावरून जितके स्पष्ट दिसते, तितके कोणत्याही साक्षीवरून दिसत नाही.

२०२२ मध्ये केंद्रीय नियमांत झालेल्या दुरुस्तीमुळे पोलिसांवरही वेळापत्रक आले आहे. प्राथमिक अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा. कायद्याप्रमाणे न्यायाधिकरणाने तो अहवाल भरपाईचा अर्ज म्हणून हाताळायचा असतो. असे असले तरी ‘पोलिसांनी अहवाल दिला म्हणजे आपला दावा लागला’ असे समजून घरी बसू नये. त्या अहवालात तुमचे उत्पन्न, सगळे वारस आणि पुढच्या उपचारांचा खर्च बरोबर आलेला असतो, असे मी फारसे पाहिलेले नाही. स्वतःचा अर्ज स्वतः, मुदतीत दाखल करावा.

तपासून पाहा : महिनाअखेर तुमच्या फाइलमध्ये एफआयआर, नक्शा मौका (घटनास्थळाचा नकाशा), जप्तीचा पंचनामा, एमएलसी, मृत्यू झाला असल्यास मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) आणि शवविच्छेदनाचे कागद, दोन्ही वाहनांची नोंदणी, विमा पॉलिसी व चालकाचा परवाना यांच्या प्रती आल्या आहेत का? चालान, म्हणजे आरोपपत्र, नंतर जोडता येते. त्यासाठी अर्ज अडवून ठेवू नये.

टप्पा ३ : प्रतिवादी कोण, आणि पॉलिसी कोणती

सर्वसाधारण दाव्यात तीन अनावेदक, म्हणजे प्रतिवादी, असतात : दोषी वाहनाचा चालक, मालक आणि विमा कंपनी. यांपैकी एकालाही विसरू नये. महामार्गावरच्या अपघातांत मात्र दोष अनेकदा वाटला गेलेला असतो, आणि इथेच कुटुंबे गोंधळतात.

दोन वाहनांच्या चुकीमुळे तिसऱ्याला इजा झाली, म्हणजे तुम्ही मागच्या सीटवर बसला होतात आणि तुमच्या गाडीचा चालक व ट्रकचालक दोघेही चुकले, तर तो संयुक्त निष्काळजीपणा ठरतो. अशा वेळी दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागता येते. २०१५ च्या खेन्येई निकालाने हे पक्के झाले आहे. तरीही दोन्ही वाहनांचे मालक आणि विमा कंपन्या यांना पक्षकार करणे शहाणपणाचे, कारण एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवल्यावर वाटणीचा प्रश्न त्याच फाइलमध्ये सुटतो. याउलट जखमी स्वतःच गाडी चालवत होता आणि त्याचीही चूक होती, तर तेवढ्या प्रमाणात त्याची रक्कम कापली जाते. २०२५ मध्ये कोइम्बतूरच्या एका प्रकरणात पुढच्या कारने महामार्गावर इशारा न देता अचानक ब्रेक लावला, मागचा दुचाकीस्वार तिच्यावर आदळून पडला आणि त्याच्या अंगावरून बस गेली. सर्वोच्च न्यायालयाने कारचालकाला ५० टक्के, बसला ३० टक्के आणि दुचाकीस्वाराला २० टक्के जबाबदार धरले. सुरक्षित अंतर न ठेवल्याची किंमत अशी मोजावी लागते.

रस्त्यात दिवे न लावता उभ्या केलेल्या ट्रकवर रात्री गाडी आदळली की घरचे लोक सरळ मान्य करून टाकतात : ‘मागून आपणच धडकलो, आता दावा कसला?’ ही समजूत चुकीची आहे. उभ्या वाहनाचे दिवे, परावर्तक पट्ट्या आणि इशाऱ्याचा त्रिकोण नसणे हा स्वतंत्र निष्काळजीपणा आहे. शिवाय चालकाची चूक सोबतच्या प्रवाशांच्या माथी मारता येत नाही, हे २०२४ च्या सुषमा विरुद्ध नितीन गणपती रांगोळे निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले आहे. ते प्रकरणही रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रेलरचेच होते.

नाजूक प्रसंग येतो तो गाडी घरच्याच माणसाने चालवली असताना. जावई गाडी चालवत होते, डुलकी लागली, गाडी दुभाजकावर गेली आणि सासूबाई जखमी झाल्या. अशा वेळी दावा जावयांच्या गाडीच्या मालकावर आणि विमा कंपनीवर होतो. ‘आपल्याच माणसावर केस?’ म्हणून अनेक घरांत हा विषय निघतच नाही, आणि पॉलिसी असूनही रक्कम बुडते. माझ्या मते हा संकोच बाजूला ठेवावा, कारण पॉलिसी नियमात असेल, तर पैसे विमा कंपनीच देते. पण त्याआधी पॉलिसीचा प्रकार पाहावा. पॅकेज, म्हणजे सर्वंकष पॉलिसीत खाजगी गाडीतले प्रवासी येतात; केवळ त्रयस्थ जोखमीच्या, म्हणजे थर्ड पार्टी, पॉलिसीत ते येत नाहीत. स्वतःच्या चुकीने दगावलेल्या चालकाच्या वारसांना कलम १६६ चा मार्ग नाही. मालक स्वतः चालवत असेल, तर १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात संरक्षणाकडे पाहावे.

धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर न्यायाधिकरणाऐवजी हिट अँड रन योजनेखाली अर्ज करावा लागतो. तिथे मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर इजेसाठी ५० हजार रुपये ठरलेले आहेत. रक्कम तुटपुंजी वाटते म्हणून कोणी ‘एखादे वाहन उभे करू या’ असे सुचवले, तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवावे. एफआयआरमध्ये ‘अज्ञात वाहन’ आणि दोन महिन्यांनी अचानक क्रमांक, हा प्रकार विमा कंपन्या बारकाईने तपासतात. क्रमांक खरोखरच नंतर कळला असेल, तर तो कोणाकडून, कधी आणि कसा कळला, याचा जबाब पोलिसांकडे त्याच वेळी नोंदवून घ्यावा.

टप्पा ४ : दावा कुठे, कधी आणि कोणत्या कलमाखाली

अपघात शिरपूरजवळ झाला म्हणून धुळ्याला खेपा घालण्याची गरज नाही. जिथे अपघात झाला, जिथे दावेदार राहतो किंवा व्यवसाय करतो, अथवा जिथे प्रतिवादी राहतो, त्यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. सुदामानगर किंवा लोकमान्यनगरात राहणाऱ्या कुटुंबाला इंदूर जिल्हा न्यायालयातले न्यायाधिकरण खुले आहे. महाराष्ट्रातल्या ठाण्याचे कागद मराठीत असतात, म्हणून त्यांचे हिंदी भाषांतर वेळेत तयार ठेवावे. तेवढ्यासाठी पेशीवर पेशी, म्हणजे सुनावणीची तारीख, पुढे जाताना दिसते.

इशारा : १ एप्रिल २०२२ पासून अर्जाची मुदत अपघाताच्या दिवसापासून सहा महिने आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर एक दिवसही थांबू नये. उपचार चालू असले, अपंगत्वाचा दाखला मिळालेला नसला, फौजदारी खटला उभाही राहिलेला नसला, तरी अर्ज आधी दाखल करावा आणि बाकीचे कागद नंतर जोडावेत.

कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख मिळतात. चालक निर्दोष असण्याची शक्यता असेल किंवा साक्षीदार अजिबात नसेल, तर हा मार्ग उपयोगी आहे. पण विमा कंपनीने या कलमाखाली देऊ केलेली रक्कम स्वीकारली, की कलम १६६ चा अर्ज संपुष्टात येतो. कमावता माणूस गेला असेल, तर आधी पुढच्या टप्प्यातले गणित करावे आणि मगच सही करावी.

मृत्यूच्या दाव्यात सगळे वारस एकाच अर्जात घ्यावेत : पत्नी, मुले, आईवडील आणि विवाहित मुलीसुद्धा. जो अर्जदार व्हायला तयार नसेल, त्याला अनावेदक म्हणून दाखवावे. मध्य प्रदेशात कुटुंबाच्या पुराव्यासाठी समग्र आयडी हाताशी असते. तीवरची नावे व जन्मतारखा आधारशी जुळतात का, हे आधीच पाहावे.

टप्पा ५ : रक्कम कशी मोजतात

आकडा मनाने लिहायचा नसतो. २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांनी पद्धत घालून दिली आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ३८ वर्षांचा, कायम नोकरीतला माणूस. कर वजा जाता महिन्याचा पगार ३०,००० रुपये. मागे पत्नी, दोन मुले आणि आई.

पहिली पायरी भविष्यातल्या वाढीची. कायम नोकरी आणि वय ४० पेक्षा कमी असल्यामुळे ५० टक्के मिळवायचे, म्हणजे ४५,००० रुपये. कायम नोकरीत ४० ते ५० वयाला ३० टक्के आणि ५० ते ६० वयाला १५ टक्के धरतात. दुकानदार, रिक्षाचालक, ठरावीक पगारावरचा कामगार यांच्यासाठी हेच प्रमाण अनुक्रमे ४०, २५ आणि १० टक्के आहे. स्वतःचा धंदा करणाऱ्यांना वाढ मिळतच नाही, ही समजूत जुनी झाली.

दुसरी पायरी मृताच्या स्वतःवरच्या खर्चाच्या वजावटीची. अवलंबून असलेले दोन ते तीन असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, सहापेक्षा जास्त असतील तर एक पंचमांश आणि मृत अविवाहित असेल तर सहसा निम्मी रक्कम वजा होते. इथे चारजण आहेत, म्हणून एक चतुर्थांश वजा जाऊन महिन्याला ३३,७५० आणि वर्षाला ४,०५,००० रुपये राहतात.

तिसरी पायरी गुणकाची. तो मृताच्या वयावरून ठरतो : १५ ते २५ ला १८, २६ ते ३० ला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३, ५१ ते ५५ ला ११, ५६ ते ६० ला ९, ६१ ते ६५ ला ७ आणि त्यापुढे ५. आपल्या उदाहरणात ४,०५,००० गुणिले १५ म्हणजे ६०,७५,००० रुपये. यात संपत्तीच्या हानीसाठी १५,०००, अंत्यसंस्कारासाठी १५,००० आणि सहवासाच्या हानीसाठी, म्हणजे जवळच्या माणसाची सोबत गमावल्याबद्दल, ४०,००० मिळवायचे. २०१७ च्या या आकड्यांत दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ होते. सहवासाची रक्कम पत्नीला एकटीला नव्हे. २०१८ च्या मॅग्मा निकालानुसार मुलांना आणि आईवडिलांनाही स्वतंत्रपणे मिळते. अर्जात ही मागणी एकदाच लिहिलेली असेल, तर वकिलांना विचारावे.

आता हे सारे गणित ज्या आकड्यावर उभे आहे, तो म्हणजे उत्पन्न. पगारपत्रक, फॉर्म १६, अपघाताआधी भरलेली आयकर विवरणे आणि बँकेचे खाते, हे पक्के पुरावे. मृत्यूनंतर घाईने भरलेल्या विवरणाकडे न्यायाधिकरण संशयाने पाहते. सराफ्यात खाद्यपदार्थांची गाडी लावणाऱ्याने किंवा घरगुती डब्यांचा व्यवसाय करणाऱ्या बाईने विवरण भरलेले नसेल, तर यूपीआयच्या नोंदी, माल खरेदीच्या पावत्या, खाद्य परवाना आणि दोन नियमित ग्राहकांची साक्ष यांवरून उत्पन्न दाखवता येते. काहीच दाखवले नाही, तर किमान वेतनाचा दर धरला जातो, आणि खऱ्या कमाईपेक्षा तो बहुधा कमी असतो.

जखमीच्या दाव्यात प्रश्न वेगळा. दाखल्यावर ‘उजवा पाय ४० टक्के’ लिहिले म्हणजे कमाई ४० टक्के बुडाली असे नव्हे. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालानुसार पाहायचे ते हे, की त्या माणसाच्या कामावर इजेचा परिणाम किती झाला. तोच पाय हिशेबनिसाचा असेल तर परिणाम थोडा. पिथमपूरच्या कारखान्यात दिवसभर उभे राहून यंत्र चालवणाऱ्याचा असेल तर कदाचित सगळी नोकरीच गेली. म्हणून वैद्यकीय मंडळाच्या दाखल्याबरोबर कामाचे स्वरूप सांगणारे मालकाचे पत्र हवेच. उपचार, पुढची शस्त्रक्रिया, बुडालेला पगार, सोबतीचा माणूस, येण्याजाण्याचा खर्च, वेदना आणि आयुष्यातली गमावलेली सुखे ही शीर्षके वेगवेगळी मांडावीत. जखमीच्या उत्पन्नातून स्वखर्चाची वजावट होत नाही.

तपासून पाहा : औषधांच्या बिलांवर रुग्णाचे नाव आहे का, आणि प्रत्येक बिलासोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे का? थर्मल कागदावरची बिले वर्षभरात पांढरी पडतात. त्यांच्या झेरॉक्स आजच काढाव्यात.

टप्पा ६ : साक्ष

न्यायाधिकरणात फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. कोणती बाजू अधिक संभवनीय आहे, एवढेच पाहिले जाते. त्यामुळे ट्रकचालक फौजदारी न्यायालयात सुटला, तरी दावा टिकू शकतो. दावेदाराची मुख्य साक्ष शपथपत्रावर होते आणि नंतर विमा कंपनीचा वकील उलटतपासणी घेतो. पत्नीने अपघात पाहिलेला नसेल, तर तिने तसे सरळ सांगावे. पाहिल्याचे सांगून पुढच्या दोन प्रश्नांत अडकण्यापेक्षा प्रत्यक्षदर्शी प्रवासी किंवा ढाब्यावरचा माणूस बोलावणे चांगले. उपचार करणारे किंवा दाखला देणारे डॉक्टर साक्षीला आले नाहीत, तर अपंगत्वाचा आकडा हमखास कापला जातो; त्यांच्या समन्ससाठी अर्ज वेळेवर द्यावा. चालकाचा परवाना संपलेला किंवा अयोग्य असल्याचे विमा कंपनीने सिद्ध केले, तरी २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून न्यायालये अनेकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतात.

लोक अदालतीत तडजोडीचा प्रस्ताव आला, तर टप्पा ५ मधला आकडा कागदावर लिहूनच जावे. तिथला निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील नाही. उत्पन्नाचा पुरावा कच्चा असेल तर तडजोड चांगली. पुरावे पक्के असताना निम्म्यावर येऊ नये.

टप्पा ७ : निवाडा आणि पैसे

निवाड्यानंतर ३० दिवसांत रक्कम जमा व्हायला हवी. व्याज साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून मिळते. पैसे न आल्यास कलम १७४ खाली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली मागता येते. रक्कम कमी वाटली तर उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात ९० दिवसांत अपील करता येते, मात्र वादातली रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर नाही.

वकिलांची फी आधीच लेखी ठरवावी. मिळालेल्या रकमेत वकिलाने टक्केवारीने वाटा घेणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. महिलांना आणि कायद्यात नमूद केलेल्या इतर गटांना जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कोऱ्या वकालतनाम्यावर, कोऱ्या धनादेशावर किंवा पैसे काढण्याच्या कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. बँक खाते दावेदाराच्या स्वतःच्या नावाचे आणि आधारशी जुळणारे असावे, आणि त्याचा मोबाइल क्रमांक मध्यस्थाचा नसावा. अल्पवयीन मुलांचा वाटा सहसा सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत राहतो. शाळेची फी किंवा उपचार यांसाठी त्यातली रक्कम लागली, तर फीची पावती किंवा डॉक्टरांचे अंदाजपत्रक जोडून त्याच न्यायाधिकरणात अर्ज करावा.